गुरवाच्या घरचा कौल

रखमाजी माझा दीर. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, अहोजाहो करते. माघारी नुसतं रखमाजी. माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ आणि पालीच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे तिथल्या वाघजाईचा गुरव. माणूस कसा म्हणाल, तर चहा गार होईपर्यंत देवळातून हलणार नाही आणि मग तो गार चहा मुकाट्यानं पिऊन टाकील. मला अशा माणसांचा राग येतो. चांगलं कंबर खोचून भांडायला जावं, तर समोरचा म्हणतो, "व्हय वैनी, चुकलं." मग भांडायचं कुणाशी?

पण माणसं त्याच्याकडं यायची. राजगड चढायला येतात ती नव्हेत, ती पाठीवर पिशव्या टाकून सरळ वर जातात, देवळाकडं बघतही नाहीत. मी म्हणते ती अडलेली माणसं. कुणाची पोरगी सासरी नांदत नाही, कुणाला विहीर कुठं पाडावी कळत नाही, कुणाला डॉक्टरनं पोट फाडायचं सांगितलंय. वेल्ह्यातून, पार भोरातून यायची आणि पायरीवर बसून म्हणायची, "रखमाजी, कौल लाव."

कौल लावायचा म्हणजे कण्हेरीच्या फुलाच्या दोन पाकळ्या तीर्थात भिजवायच्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नको म्हणाली. कधी पाकळी लगेच सुटते, कधी माणसं ताटकळत बसतात. पण पडली, की माणूस भुईवर डोकं टेकतो आणि उठतो तो निम्मं ओझं खाली ठेवून. भोरची खुर्शिदा म्हणून एक बाई आली होती, नवऱ्याचं काळजाचं ऑपरेशन होतं आणि नवरा, जलील त्याचं नाव, भीतीनं घरात दडून बसला होता. तिनं कौल घेतला, उजवी पडली. ती इथून गेली तेव्हा तिच्या तोंडावर रया आली होती. जलील जगला. दर वर्षी जत्रेला येऊन ती देवीला नारळ ठेवून जाते.

आता मी जे सांगते ते वाडीत कुणाला ठाऊक नाही. देवळाची झाडलोट माझ्याकडं असायची. एकदा कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी असताना मी पाहिलं, की उजवी पाकळी लावण्याआधी रखमाजीनं ती हळूच धोतराला पुसली. ओली पाकळी धरून बसते, कोरडी लवकर सुटते, हे सांगायला गुरव कशाला पाहिजे? डॉक्टरला भिऊन आलेल्या माणसाची उजवी पाकळी तो पुसायचा. जमीन विकायला निघालेल्या दारुड्याची डावी पुसायचा. माणसं गेल्यावर मी त्याला धरला.

"भावजी, ही काय देवी बोलली? हे तुम्ही बोललात."

मला वाटलं आता तरी तोंड लपवील. तो शांतपणे समईची वात सारखी करत म्हणाला, "वैनी, पाकळी माझ्या हातानं लागती, ते खरं. पन माझा हात कोन हालवतं? म्या असा कोन लागून गेलो, ह्यांच्या घरचं ठरवायला? हितं बसलो की माझा हात माझा न्हाई राहात."

मी म्हटलं, वा, सोयीचं आहे. पण मी कुणाला बोलले नाही, कारण त्याला तसं खरोखर वाटत होतं. तो लबाड नव्हता. लबाड असता तर माझा दीर पत्र्याच्या घरात राहिला नसता.

आणि गुरवांची एक रीत आहे. गुरवानं आपल्या घरचा कौल आपण लावायचा नाही. दुसऱ्या गावचा गुरव बोलवायचा. आमच्याकडचं काही असलं की गुंजवण्याचा चिमाजी गुरव यायचा आणि चिमाजीकडचं असलं की रखमाजी जायचा. विराजच्या लग्नाचा कौल चिमाजीनंच लावला होता.

विराज रखमाजीचा एकुलता एक. तो रांगत असताना त्याची आई भाताच्या खाचरात साप चावून गेली. मला मूलबाळ नाही, पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. मला मोठी आई म्हणायचा. देखणा, बडबड्या, बापाच्या अगदी उलट. गडावर येणाऱ्यांना वाट दाखवायचा, त्यांची जेवणं करून घालायचा. उत्रोलीची सृष्टी त्याला बायको मिळाली. तीही शहाणी पोरगी, मी जरा आवाज चढवला की तीच मला चहा करून द्यायची.

यंदाच्या मे महिन्यात रखमाजी विराजला म्हणाला, "पावसाच्या आत देवळाचं पत्रं बदलून घे." विराज म्हणाला, गडी लावू. रखमाजी म्हणाला, "देवीचं काम हाय, आपन करावं." पोरगा चढला. दोन पत्रे काढले, तिसऱ्यावर पाय दिला, पत्रा कुजका निघाला. मी खाली डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन उभी होते. माझ्यासमोर तो देवीच्या पायरीवर डोक्यावर पडला.

इतकी माणसं आली आणि गेली, इतक्यांच्या पाकळ्या पडल्या, आणि तिच्या छपरावर तिचंच काम करणारा पोरगा तिला धरता आला नाही? मी त्या दिवशी देवीला जे बोलले ते पुन्हा तोंडानं काढणार नाही. आजही मी तिच्याशी नीट बोलत नाही.

वेल्ह्याच्या दवाखान्यातून त्याला पुण्याला नेलं. मोठा दवाखाना, काचेच्या आड पोरगा, नाकातोंडात नळ्या. आल्याआल्या एक ऑपरेशन झालं. आम्हाला वाटलं, आता डोळे उघडील. सृष्टी काचेला कपाळ लावून उभी राहायची. रखमाजी जिन्याखाली बसायचा, कुणी उठ म्हटलं की उठायचा, सरक म्हटलं की सरकायचा. दिवसामागून दिवस गेले, पोरानं डोळे उघडले नाहीत.

मग डॉक्टरनं आम्हा तिघांना आत बोलावलं. तरणाच होता, बोलायला चांगला होता बिचारा. म्हणाला, मेंदूची सूज पुन्हा वाढलीय. अजून एक ऑपरेशन करता येईल, पण पेशंटचं अंग आता ते सोसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. टेबलावरही जाऊ शकतो. नाही केलं, तर असाच राहील, काही दिवस, काही आठवडे, आणि मग हळूहळू जाईल. केलं तर जगण्याची थोडी आशा आहे, थोडीच. तुम्ही घरचे ठरवा आणि उद्या दुपारपर्यंत सांगा.

बाहेर आल्यावर सृष्टी म्हणाली, "मामा, तुम्ही सांगाल तिथं मी सही करते. मला एकटीला नाही जमायचं." सासऱ्याला ती मामा म्हणायची. रखमाजीनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "म्या गावाला जाऊन येतो. देवीला इचारतो."

माझं डोकं फिरलं. मी त्या दवाखान्याच्या दारात त्याला म्हटलं, "अहो, पोरगा हितं मरायला टेकलाय आणि तुम्ही पाकळ्या लावायला निघालात? तुम्हाला ठाऊक आहे पाकळी कशी पडते ते. मला ठाऊक आहे." त्यानं पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "मग म्या काय करू, वैनी? आन् म्या कुनाला इचारू? तुमी सांगता? सांगा, आत्ता सांगा, कापू का नको?" मला सांगता येईना. सृष्टीजवळ तिचा भाऊ होता, म्हणून मीही रखमाजीबरोबर एसटीत बसले. मला भीती वाटत होती, की हा वाटेत कुठंतरी उतरून जाईल आणि परत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजी आला. थकला होता म्हातारा, पण निरोप मिळाल्याबरोबर मिळेल त्या टेम्पोनं आला. देवळावर ते दोन पत्रे अजून नव्हतेच, तिसऱ्याला भगदाड पडलेलं, आणि वरून ऊन सरळ देवीच्या तोंडावर. वाडीतली माणसं जमली. रखमाजी आजवर आत बसायचा, त्या दिवशी तो बाहेर पायरीवर बसला, अडलेली माणसं बसतात तिथं. हात जोडले होते. मी त्याच्या मागं उभी होते.

चिमाजीनं गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, लेकरू तुझं हाय. ऑपरेशन करावं तर उजवी दे, करू नये तर डावी दे." पाकळ्या भिजवल्या. डावी लावली. आणि उजवी लावायच्या आधी त्यानं ती बोटावर घेऊन धोतराला पुसली.

मी पाहिलं. रखमाजीनंही पाहिलं. त्याच्या पाठीवरूनच मला कळलं, त्याची मान खाली गेली.

पाकळी लावून चिमाजी पुरता मागंही सरकला नसेल, तोच उजवी सुटून खाली पडली. वाडीनं "वाघजाईच्या नावानं चांगभलं" केलं. बायका डोळे पुसायला लागल्या. कुणी रखमाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, देवीनं दिलं, आता भिऊ नको. सगळ्यांची तोंडं उजळली आणि रखमाजी तसाच बसून राहिला. माणसं पांगल्यावर तो आत गेला.

"चिमाजी, पुन्यांदा लाव."

"एका प्रश्नाचा कौल दोनदा लागत न्हाई. तुला म्या सांगावं?"

"पुन्यांदा लाव. दोन्ही सारक्या ओल्या करून लाव."

चिमाजी खाली बसला. म्हणाला, "माझ्या नातीला कावीळ झालती, तिला भोरला दवाखान्यात न्यायचं का झाडपाला द्यायचा म्हनून तू कौल लावाया आलावतास. तवा तू उजवी पुसलीवतीस. म्या बघितलं व्हतं, रखमा. पन बोललो न्हाई. मला तवा धीरच पायजे व्हता. पोरगी उठली. म्हनून वाटलं, तुला बी तसाच धीर द्यावा. माझ्या मनात काय वाईट न्हवतं रं."

"ठावं हाय," रखमाजी म्हणाला. "ठावं हाय मला."

मग तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून रडायला लागला. बायको गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "भावजी, तुम्हीच म्हणायचा ना, हात देवी हलवते? मग चिमाजीचा हातही तिनंच हलवला असेल. माना की. लोक मानत आले."

"तेच करून बघतोय, वैनी. सकाळपासनं तेच करतोय." "माझ्या हातात मला ती दिसायची. चिमाजीच्या हातात नुसता चिमाजी दिसला. म्हाताऱ्याला माझी दया आली, एवढंच दिसलं. मग माझ्या बी हातात नुसता म्याच व्हतो काय? हाजारो लोकान्ला म्या सांगितलं, की देवी बोलली. ज्यांची मानसं मेली त्यांना बी सांगितलं. आता म्या कुनाकडं जाऊ? मला कोन सांगनार, की ती हाय म्हनून?"

मी आधीच तिच्याशी भांडून बसलेली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा, आणि दोघं बसून राहिलो. ऊन चढत होतं. दुपार जवळ येत होती आणि पुण्याला पोरगी सहीसाठी थांबली होती.

मोबाईलची रेंज आमच्याकडं फक्त देवळाच्या पारावर येते. तिथंच फोन वाजला. सृष्टी होती. रखमाजीनं आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मामा, डॉक्टर विचारतायत. देवीनं काय सांगितलं?"

हो म्हणायला कितीसं लागत होतं? उजवी पडली, वाडीनं पाहिली, चांगभलं झालं. नुसतं "दिली" म्हटलं असतं, तरी त्या पोरीच्या जिवाला थारा मिळाला असता, आणि पुढं काही झालं तर देवीच्या नावावर गेलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणून टाका भावजी, एवढ्या लोकांना म्हणालात, आपल्या सुनेलाही म्हणा.

तो बराच वेळ देवळाच्या आत बघत राहिला. तिकडून सृष्टी "मामा, ऐकू येतंय का" म्हणत होती.

"पोरी," तो म्हणाला, "देवी काय बोलली न्हाई. म्या सांगतोय. सही कर. म्हनावं, माझ्या सासऱ्यानं सांगितलं. कायबी झालं तरी तू केलंस असं मनात आनू नको, म्या केलं म्हन. विराजच्या कानात सांग, बाबा देवीजवळ बसल्यात."

सृष्टी "बरं मामा" म्हणाली. फोन बंद झाला.

मी म्हटलं, "हे काय केलंत? तिला आता आधार कशाचा?" तो म्हणाला, "खोटा आधार दिला असता तर तिनं देवीचा भरवसा धरला असता, वैनी. आन् पोरगं गेलं असतं तर उद्या तिला देवी बी उरली न्हसती." मग उठून आत गेला आणि देवीसमोर पहिल्यांदा गुरवासारखं नाही, तर आडवं पडून त्यानं लोटांगण घातलं. मोठ्यानंच बोलत होता. मला ऐकवत नव्हतं, पण जाववतही नव्हतं.

"तू हायस का न्हाईस, मला आज समजत न्हाई. समजलं असतं तर बरं झालं असतं. पन तू न्हाईस असं धरलं, तर त्याला म्या कुनाच्या वटीत टाकू? म्हनून तुझ्याच टाकतो. ऱ्हाऊ दे जिता. न्हाई ऱ्हायला, तरी तुझ्याच वटीत ऱ्हाऊ दे. मला कौल देऊ नको. आता इचारत न्हाई."

नंतर तो उठला आणि देवळात पडलेला पत्र्याचा गंज, मातीचे ढिपळे गोळा करायला लागला. मी केरसुणी आणली. मी देवीकडं बघितलं नाही, पण झाडलं. चिमाजीनं विहिरीवरून पाणी आणून देवी धुतली. मी तिघांना भाकरी दिली आणि तिघांनीही थोडी खाल्ली. मोबाईल पारावर ठेवला होता. जरा कुठं काही वाजलं की तिघांच्याही माना तिकडं वळायच्या. एकदा वाजला तर कुठल्यातरी कंपनीची बाई बोलायला लागली, तिला मी अशा शिव्या घातल्या की चिमाजीनं कानावर हात ठेवले.

ऊन कलत गेलं. गडाची सावली वाडीवर आली, म्हशी घरी आल्या. दिवेलागण झाली तसा रखमाजी हातपाय धुऊन आला. गाभाऱ्यात समई घासून ठेवली होती. तो वात वळायला बसला.

आणि फोन वाजला. मी पारावर होते. उचलला.

"मोठी आई," सृष्टी म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या भावानं फोन घेतला. ऑपरेशन झालं होतं. टेबलावरून काढला तेव्हा जिता होता. तासाभरानं गेला. भाऊ म्हणाला, ताईनं त्याच्या कानात निरोप सांगितला होता, आत न्यायच्या आधी.

मी देवळाच्या दारात जाऊन उभी राहिले. तोंडात पदर कोंबला होता. चिमाजीनं माझ्याकडं बघितलं आणि तो भिंतीशी सरकला. रखमाजी पाठमोरा होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण त्याला माझी चाहूल लागली.

"वैनी," तो म्हणाला, "जरा थांबा. देवीला दिवा लावतो, मग सांगा."

मी थांबले. त्यानं वात तेलात भिजवली, समईत ठेवली. पहिली काडी विझली. दुसरी धरली. वात पेटली. त्यानं दोन्ही हात जोडले आणि कपाळ भुईला टेकवून राहिला, अडलेली माणसं कौल पडल्यावर राहायची तितकाच वेळ. मग उठला आणि माझ्याकडं वळला.

"आता सांगा," म्हणाला.

मी सांगितलं.